हाडलेभाऊ अमेरिकेवाले

पंचेचाळीसच्या स्पीडची रेकॉर्ड मी चार वर्षं तेहतीसवर वाजवली. चुकून एकदा नाही. वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक मांडवात, आणि तीही लोकांच्या फर्माईशीवरून. त्या काळात माझा धंदा लाउडस्पीकरचाच होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं तर जास्त वाईट दिसेल.

ज्यांनी रेकॉर्ड प्लेयर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेकॉर्ड म्हणजे काळी तबकडी. ती फिरते, वर सुई टेकते आणि गाणं निघतं. तबकडी मिनिटाला किती वेळा फिरवायची हे ठरलेलं असतं. जुन्या जाड रेकॉर्डी अठ्ठ्याहत्तर वेळा, लहान रेकॉर्डी पंचेचाळीस वेळा आणि मोठ्या, ज्यांना एलपी म्हणतात, त्या तेहतीस वेळा. प्लेयरवर एक लिव्हर असते, ती हव्या त्या आकड्यावर आणायची. कोणता आकडा ते रेकॉर्डच्या मधल्या गोल लेबलावर छापलेलं असतं. या धंद्याला एवढंच शिक्षण लागतं. मी तर मॅट्रिक होतो.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली. सेलूच्या बाजारओळीत माझं दुकान होतं. पुढं रेडिओ दुरुस्ती, मागं भोंगे. तेव्हा आमच्याकडे लेरॉय नावाचा एक काळा, उंच, हसरा अमेरिकन पोरगा दोन वर्षं राहून गेला. आम्हाला कोंबड्या पाळायला शिकवायला आला होता. कोंबड्या त्याच्याकडून कुणी फारशा शिकलं नाही, पण तो आमच्याकडून वऱ्हाडी शिकला. जायच्या दिवशी एसटीची वाट पाहताना त्यानं माझ्या हातात एक लहान रेकॉर्ड ठेवली. त्याचा टेपरेकॉर्डर मी तीनदा दुरुस्त करून दिला होता, त्याची ती आठवण.

"आमच्या घरचं गानं आहे, भाऊ," तो म्हणाला. "वाजवत जाजो."

लेबलावर गाणाऱ्याचं नाव होतं, बी. हॅडली. हा बी. म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हा लेख इथंच संपला असता.

अमेरिकेच्या लहान रेकॉर्डीला मधोमध रुपयाएवढं भोक असतं. आमच्या प्लेयरच्या खिळ्यावर ती डुगडुगायची. मी जुन्या रबरी चपलेची एक गोल चकती कापली, मधे छिद्र पाडलं आणि भोकात बसवली. अगदी घट्ट बसली. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. या प्रकरणात माझ्या हातून बरोबर झालेलं तेवढंच.

रेकॉर्ड पहिल्यांदा वाजली ती नाइलाजानं. त्याआधीचे सात दिवस मी एका सप्ताहात भजनांच्या एलपी लावत होतो. माझ्या प्लेयरची लिव्हर ढिली झाली होती. तेहतीसवर ठेवली की हळूच पंचेचाळीसवर घसरायची आणि देवाचं नाव एकदम पळत सुटायचं. म्हणून तिच्या खाचेत मी आगकाडीचा तुकडा दाबून बसवला होता. सप्ताह संपला तसा तिथूनच लग्नाच्या गावी गेलो. मांडवात सामान उघडलं, तर सिनेमाच्या गाण्यांची पेटी दुकानात राहिलेली. जवळ होती ती वैराग्याची भजनं आणि लेरॉयची रेकॉर्ड. जिलेबीच्या पंगतीला वैराग्य लावता येत नाही. मी अमेरिका लावली. काडी खाचेत तशीच राहिली.

भोंग्यातून एका पुरुषाचा आवाज निघाला. जाड, ओला आणि सावकाश. भरलेली बैलबंडी चढावर यावी तसा एकेक शब्द येत होता. अर्थ एकाचाही कळत नव्हता. वाढणारे वाढता वाढता थांबले. नवरीच्या मामानं हातातला घास तसाच धरून भोंग्याकडे पाहिलं. गाणं संपल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन आहे बाप्पा हा? याचं कोन गेलं?" आणि मग चारी बाजूंनी, पुन्हा लावा. संध्याकाळी नवरीच्या पाठवणीलाही तेच लावायला लागलं. बाया आधीच रडत होत्या, त्या गाण्यानं बाप्येही रडायला लागले. नवरीचा बाप जाताना माझा हात धरून म्हणाला, असं लग्न गावात झालं नाही.

पुढच्या आठवड्यात काडी काढली आणि लिव्हरची स्प्रिंग बदलून टाकली. सिनेमाची गाणी पंचेचाळीसवर ठीक वाजली. मग त्याच स्पीडवर अमेरिका लावली, तर आतून कुणी बाई सुटलेली एसटी गाठायला धावावी तशी गाऊ लागली. इथं कोणताही शहाणा माणूस थांबून विचार करेल. मीही थांबून विचार केला. लेबल नीट वाचलं. तिथं स्वच्छ ४५ छापलेलं होतं. पूर्ण विचारान्ती मी या निर्णयावर आलो की अमेरिकेतल्या छापखान्यानं चूक केली आहे. खिशातून बॉलपेन काढलं, ४५ वर काट मारली आणि बाजूला ठळक ३३ लिहून दिलं.

त्यानंतर त्या रेकॉर्डीनं मला पोसलं म्हटलं तरी चालेल. समुद्रपूरकडून बोलावणी आली, कारंज्याकडून आली. लोक लग्नाची तारीख नंतर सांगायचे. आधी विचारायचे, तो अमेरिकेवाला भाऊ आहे ना तुमच्यापाशी? हॅडलीचं हाडले झालं आणि हाडलेचं हाडलेभाऊ. हिंगणघाटच्या एका गृहस्थानं तर मला खाजगीत विचारलं, हे हाडले आमच्यापैकीच काय?

इथवर चूक एकच होती. दुसरी मी हौसेनं केली. रेकॉर्ड पालटताना माइकवर काहीतरी बोलावं लागतं, नाहीतर मांडव सुना वाटतो. मी हाडलेभाऊंचं चरित्र सांगू लागलो. अमेरिकेतल्या कापसाच्या रानात त्यांचा जन्म. आई लहानपणीच वारली. तरुणपणी एका मुलीवर जीव जडला, पण तिचं लग्न दुसरीकडे लागलं. तिच्या पाठवणीत भाऊ कुंपणाशी उभे राहून गायले, ते हे गाणं. लोकांना ते इतकं आवडलं की प्रत्येक लग्नात मला भर घालावी लागे. एका लग्नात मी भाऊंना आंधळं केलं. पुढच्या लग्नात ते विसरून त्यांना पत्र वाचायला लावलं. एकानं पकडलं. मी म्हणालो, मधल्या काळात ऑपरेशन झालं.

भाजीवाली गिराबाई ही माझी सगळ्यात पक्की श्रोती. तिच्या तीन नातींची पाठवणी याच गाण्यावर झाली होती. ती दर बाजाराला वांगी मांडायच्या आधी दुकानात डोकावायची आणि भाऊचं खुशाल आहे ना, एवढं विचारून जायची.

आणि एवढ्यावर थांबायचं सोडून मी लेरॉयला इंग्रजीत पत्र लिहिलं. तुमच्या घरच्या भावाचं गाणं आमच्याकडे फार प्रसिद्ध आहे. लेरॉयनं उत्तरात लिहिलं की पत्र वाचून बी.च्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ या शब्दाबद्दल त्यानं काही लिहिलं नाही. दोन वर्षांत मी त्यालाही भाऊ म्हणत होतो, कंडक्टरलाही आणि पोस्टमनलाही. त्यानं ते माझं इंग्रजी समजून सोडून दिलं. वर्षभरानं दुसरं पत्र आलं. थंडीत येतोय, बी.ला घेऊन येतोय.

हे पत्र मी वामनरावांना दाखवलं. वामनराव म्हणजे आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. कुणाच्या लग्नात आचारी कोणता, घोडा कुणाचा आणि माइक कुणाचा, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरायचं नाही. त्यांनी जाहीर सत्कार ठरवला. शाळेच्या मैदानात स्टेज, केळीच्या खांबांची कमान, भाऊंसाठी फेटा आणि धोतरजोडी. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रभाकर, सारा तालुका येऊन राह्यला. काई वाकडं झालं त पुढच्या हंगामात एकही मांडव तुह्याकडं नाई. वर्ध्याचा माइकवाला सांगीन मी."

मी म्हणालो, वाकडं काय व्हायचंय.

दुपारच्या एसटीतून आधी लेरॉय उतरला. अंगानं भरला होता. मागून पन्नाशीची एक धिप्पाड बाई उतरली. पिवळा झगा, डोक्यावर हॅट, हातात पर्स. तिच्या मागून कंडक्टर उतरला आणि गाडी रिकामी झाली.

मी लेरॉयला विचारलं, भाऊ कुठं आहेत? त्यानं विचारलं, कोणता भाऊ? मी म्हणालो, बी. हाडले.

"हे काय उभी आहे," तो म्हणाला. "ब्यूला. माही मावशी."

ब्यूलाबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मागून लेरॉय सांगत होता की हे गाणं तिनं अकरा वर्षांत लोकांसमोर म्हटलेलं नाही. तिकडे ते कुणाला नको होतं. इथं खरोखर कुणी ऐकतं का, ते डोळ्यांनी पाहायला एवढ्या लांब आली आहे. मी मान डोलावत होतो. माझ्या डोक्यात फक्त धोतरजोडी फिरत होती.

घरी जाऊन बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, माइकवर जाऊन खरं सांगून टाका. मी म्हणालो, मांडव जातील. ती म्हणाली, खोटं सांगाल तर मांडवही जातील आणि तोंडही. मी तिचं ऐकलं नाही. मला वाटलं, चार वर्षांत लेरॉयचं वऱ्हाडी गंजलं असेल.

चार वाजता मैदान गच्च भरलं होतं. बंड्या सोडलेल्या, बाया एका बाजूला, पहिल्या रांगेत गिराबाई नवं लुगडं नेसून. मी माइक हातात घेतला आणि अत्यंत जड अंतःकरणानं सांगितलं की हाडलेभाऊंना विमान बाधलं, ते मुंबईलाच थांबले आहेत. आपल्या भेटीला त्यांनी पत्नीला पाठवलं आहे. मैदानात हळहळ पसरली. एक-दोघींनी पदर डोळ्यांना लावला.

लेरॉय उठला. त्यानं माझ्या हातून माइक घेतला. वऱ्हाडी अजिबात गंजलेलं नव्हतं.

"हे कोनाची बायको नाई," तो म्हणाला. "भाऊ-बिऊ कोनी नाईच. गानं हिनंच लिवलं अन् हिनंच म्हटलं."

वामनराव खुर्चीतून माझ्याकडे वळले. म्हणाले, बाईमाणसाचा आवाज असा असते का? लाव रेकॉर्ड. होऊन जाऊ दे खरं-खोटं.

मी रेकॉर्ड लावली. तेहतीसवर, रिवाजाप्रमाणे. भाऊंचा आवाज मैदानावर पसरला आणि लोक सुखावले. ब्यूलाबाई मात्र कान देऊन ऐकू लागल्या. कपाळावर आठी आली. मग त्या उठल्या, स्टेज उतरून माझ्या टेबलापाशी आल्या, सुई उचलली आणि तबकडी हातात घेतली. लेबलावरची काट पाहिली. माझं ३३ पाहिलं. चपलेची चकती बोटानं दाबून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. आता ही मारणार, असं मला वाटलं. तर त्या हसायला लागल्या. अंगभर हसल्या. हॅट खाली पडली, टेबल हललं, ॲम्प्लिफायरचा दिवा लुकलुकला. लेरॉयनं लेबल पाहिलं आणि तोही खाली बसून हसू लागला. काय झालं ते मैदानाला कळेना, पण बाई इतकी हसते म्हटल्यावर तेही हसायला लागलं. वामनराव तेवढे हसत नव्हते.

मग बाईंनी स्वतः लिव्हर पंचेचाळीसवर नेली आणि सुई ठेवली. धावती बाई गाऊ लागली. मैदानातून लगेच ओरड झाली, हे काय लावलं, भाऊचं लावा. लेरॉयनं माइकवर स्पीडची गोष्ट समजावली, माझं नाव घेऊन, दोनदा. लोकांनी ऐकून घेतलं, पण पटलं असं दिसलं नाही. शेवटी बाईंनीच माइक घेतला आणि टाळ्या वाजवत गाणं म्हणून दाखवलं, मुळात होतं तसं. लोकांनी पाहुणी म्हणून टाळ्या दिल्या. गिराबाई उठून उभी राहिली.

"बाई चांगली म्हनते," ती म्हणाली. "पन भाऊवानी नाई."

लेरॉयनं हे मावशीला सांगितलं. मला वाटलं, आता संपलं. एवढा समुद्र ओलांडून आलेल्या बाईला तिच्याच गाण्यात आम्ही नापास केलं. पण बाईंनी मला खूण केली, पुन्हा तेहतीसवर लाव. खुर्ची ओढून भोंग्याखाली बसल्या, डोळे मिटले आणि स्वतःचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. नुसता पाय हलत होता. ऐकून झाल्यावर लेरॉयला काहीतरी म्हणाल्या. तो म्हणाला, मावशी सांगते की रेकॉर्ड कंपनीनं तिला घाई केली होती, लोकांना नाचायला पाहिजे म्हणून. असं सावकाश ती फक्त लाँड्रीत म्हणायची, इस्त्री फिरवता फिरवता.

आणि त्या उभ्या राहिल्या. या वेळी टाळ्या नाहीत. आवाज छातीतून नाही, आणखी खालून कुठून तरी काढला. भाऊंचाच आवाज, पण भोंग्यात अडकलेला नव्हता, समोर उभा होता. मी आवाज वाढवायला बटणाकडे हात नेला आणि मागं घेतला. गरज नव्हती. दुसऱ्या कडव्याला बायांच्या बाजूनं हुंकार सुरू झाला. चार वर्षं ऐकून चाल सगळ्यांना पाठ होती. शब्द येत नव्हते, म्हणून नुसतं नाकातून. तीनशे-चारशे बाया नाकातून गात होत्या आणि मधे ही पिवळ्या झग्यातली बाई, गालांवरून पाणी ओघळतंय आणि तोंडभर हसते आहे. गाणं संपलं तेव्हा गिराबाई एवढंच म्हणाली, "हं, आता बरोबर."

अशा गाण्याला तिकडे सोल म्हणतात, असं लेरॉयनं सांगितलं. थोडा विचार करून म्हणाला, म्हणजे जीवातून म्हणणं. मग त्यानं मावशीचं खरं चरित्र सांगितलं. लहानपणी कापूस वेचला, हे माझं एक बरोबर निघालं. बायांनी लगेच विचारलं, दिवसाला किती वेचायची? ऐकून माना डोलावल्या. चर्चमध्ये गाणं शिकली, लाँड्रीत इस्त्री केली, तिथंच गाणी रचली. तीन रेकॉर्डी निघाल्या, कंपनी बुडाली, आता एका शाळेत स्वयंपाक करते. मागून एकानं बाईंचे दोन्ही डोळे ठीक आहेत ना, याची चौकशी केली. मी वायरी गुंडाळू लागलो.

तेवढ्यात कुणीतरी गाण्याचा अर्थ विचारला. मला तो चार वर्षांत विचारावासा वाटला नव्हता. लेरॉय थोडा घुटमळला. मग म्हणाला, यात बाई नवऱ्याला सांगते की मी पिशवी भरली, किल्ली कुंडीखाली ठेवली, तुझं तू रांधून खा, मी चालली गाणं म्हणायला.

तालुक्यातल्या सगळ्या नवऱ्या आम्ही या गाण्यावर सासरी पाठवल्या होत्या.

बाप्यांच्या बाजूला शांतता झाली. बायांच्या बाजूला आधी एक हसली, मग दोघी, मग सगळं मैदान उसळलं. गिराबाईनं हसता हसता शेजारणीच्या पाठीत धपाटा घातला. ब्यूलाबाईंनी सत्काराच्या ताटातला फेटा उचलून स्वतःच डोक्याला बांधायला घेतला. तो नीट बसेना, तेव्हा वामनराव खुर्ची सोडून पुढं झाले आणि त्यांनी तो बांधून दिला. बांधताना तेही हसत होते. ते पाहून माझा जीव भांड्यात पडला. धोतरजोडी बाईंनी लेरॉयला दिली.

मांडव गेले नाहीत. वाढलेच. वामनरावांनी दोन अटी घातल्या. हे गाणं पाठवणीला लावायचं नाही, आणि मी माइकवर बोलायचं नाही. पहिली अट बायांनीच मोडली, मुद्दाम सांगून पाठवणीला लावून घेत. दुसरी सगळ्यांनी कसोशीनं पाळली. पुढं दोन वर्षांनी ब्यूलाबाईंनी तेच गाणं सावकाश चालीत पुन्हा रेकॉर्ड केल्याचं लेरॉयच्या पत्रातून कळलं. तिकडे ते बरं चाललं म्हणे, आणि त्या शाळेतलं काम सोडून पुन्हा गावोगाव गाऊ लागल्या.

धंद्यातल्या नव्या माणसांना मी एकच गोष्ट सांगतो. लेबल वाचा, आणि वाचल्यावर त्यावर विश्वास ठेवा. छापखाना क्वचितच चुकतो.

मावशी-भाच्याला निरोप द्यायला सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो होतो. ब्यूलाबाई फेटा घालूनच आल्या होत्या. रात्रभरात माझा धीर परत आला होता. म्हटलं, एवढी मोठी कलावंत आहे, आपल्या साउंडबद्दल तिचं मत विचारून घ्यावं. लेरॉयनं विचारलं. बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला काहीतरी हळूच म्हणाल्या. लेरॉय एसटी आली का ते पाहू लागला. मी म्हणालो, सांग, लाजू नको.

"मावशी इचारून राह्यली," तो म्हणाला, "हा मानूस खरंच याच धंद्यावर पोट भरते का?"